वरची धार

सुहास खटावकरांना आयुष्यात पत्रं फारशी आली नव्हती, म्हणून उत्तर न दिलेलं पत्र नेमकं कोणतं हे त्यांच्या चांगलं लक्षात होतं. ते एकच होतं. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास पोस्टमन ते घेऊन आला, तेव्हा फाटकातूनच म्हणाला होता, "काका, हातानं लिहिलेलं दिसतंय. पत्रिका नाही, नोटीसही नाही." त्यालाही नवल वाटलं असावं. हातानं पत्र लिहिणारी माणसं आता राहिली नव्हती.

पत्र सावंतवाडीजवळच्या बांद्याहून आलं होतं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव हेमांगी साटम. पूर्वी त्या मोटारींच्या शर्यतीत भाग घेत. एका अपघातात पाय गेले, म्हणजे होते, पण चालत नव्हते. आता त्यांची जायफळ आणि कोकमाच्या कलमांची रोपवाटिका होती. गावोगावच्या बागा बघायला त्या स्वतःच्या गाडीनं जात. गाडी होती 'वावटळ', दोन आसनांची, लाल. कुडाळच्या एका फॅब्रिकेटरकडून त्यांनी तिला हातानं चालवायचे दांडे बसवून घेतले होते.

"गाडीनं तेल बदला म्हणून सांगायला सुरुवात केली आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. "दर पंधरवड्याला ती आपला वेग थोडा कमी करते. जाहिरातीत हे तेल आयुष्यभराचं होतं. आयुष्य कोणाचं, ते छापलं नव्हतं. कंपनी म्हणते, गाडी चाकणला पाठवा, तेल बदलून देऊ. पण नियमाप्रमाणे हातांचे दांडे काढल्याशिवाय गाडी परत मिळणार नाही. मग ती परत येऊन मी काय करू? तुमचं नाव एका जुन्या शोधनिबंधात सापडलं. मला गाडीखाली जाता येत नाही. वरून काही करता येईल का?"

प्रश्न एवढाच होता. आणि त्याचं उत्तर, होय, करता येईल, हे जगात बहुधा फक्त खटावकरांनाच ठाऊक होतं.

तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. पत्राची त्यांनी वाचनखूण केली. एक पुस्तक संपलं की ते दुसऱ्यात जाई. वर्षभरात त्या पत्राचं बरंच वाचन झालं.

*

ते तेल खटावकरांच्या प्रयोगशाळेत जन्मलं होतं. विजेच्या गाडीला गिअर लागत नाहीत असं लोक समजत, आणि साध्या गाडीला ते लागतही नसत. पण शर्यतीच्या जातीच्या गाडीला घाटात ओढ हवी आणि सपाटीवर वेग हवा, म्हणून 'वावटळ'ला तीन गिअर होते. गिअर झटक्यात बदलावेत यासाठी तेलात लोहाच्या ऑक्साइडचे कण मिसळले होते. ते इतके बारीक की गिअरच्या दात्यांना दाते घासताना त्यांची कचकच होत नसे. प्रत्येक कणाभोवती साबणासारखा एक पातळ लेप असे, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नसत. जवळ चुंबक नसेल तर हे तेल पाण्यासारखं वाहायचं. चुंबक आलं की कण माळेतल्या मण्यांसारखे रांगेत उभे राहत आणि तेलाचं श्रीखंड होई. गिअरबॉक्समध्ये विजेची वेटोळी होती. ती चालू झाली की तेल धरायचं, बंद झाली की सोडायचं. तेच तेल मोटरची उष्णताही वाहून न्यायचं.

दोष एकच होता. वर्षानुवर्षं तापून कणांचा लेप झिजतो, कण गोळा होतात आणि तेल आळशी बनतं. मग ते बदलावं लागतं. तेल काढायचं बूच गाडीच्या पोटाखाली, पत्र्याच्या आड. त्यासाठी गाडी उचलणारं यंत्र हवं, खास किल्ली हवी, आणि नवं तेल किती भरलं ते नेमक्या उष्णतेला तपासायला संगणक हवा. थोडं कमी पडलं तर आतले भाग जळतात. जास्त झालं तर दाते ते घुसळतात, फेस होतो, आणि फेस उष्णता वाहत नाही. दोन्हींत गाडी बंद पडते.

पण चुंबकाला चिकटणारं तेल खालूनच का काढायचं, असा विचार खटावकरांनी फार पूर्वी केला होता. गिअरबॉक्सच्या डोक्यावर उष्णता मोजणाऱ्या सुईचं एक बूच असतं. ते काढून आत पितळेची नळी सोडायची. नळीच्या पोटात चुंबकांची कांडी. तेल नळीला बाहेरून घट्ट बिलगतं. नळी वर काढायची, डब्यात धरायची, आतली कांडी उपसायची. चुंबक गेलं की तेल सुटून डब्यात. विहिरीतून पाणी शेंदावं तसं तेल शेंदायचं. एक दुपार जाईल, पण जमिनीवर आडवं व्हावं लागणार नाही. मग जुनं तेल जेवढं वजनाला भरेल तेवढंच नवं ओतायचं. तेल तापलं की फुगतं, पण त्याचं वजन बदलत नाही. स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

हे त्यांनी तेव्हा कंपनीत सांगितलं होतं. एका बैठकीत, चहा आला त्या वेळी, हळू आवाजात.

आता बाईंना लिहिलं आणि त्यांच्या हातून वजनात चूक झाली तर? आंबोलीच्या घाटात, मागे ट्रक, गाडी तापून अडली आणि बाईंना उतरूनही जाता येत नाही, असं दृश्य त्यांना दिसे. मग ते पत्र पुढच्या पुस्तकात ठेवत. कंपनीशी गुप्ततेचा करार होता, हेही एक कारण होतं. ते खरं कारण नव्हतं, म्हणून ते तेच स्वतःला जास्त वेळा सांगत.

*

"तुम्ही त्या बाईंना लिहिणार आहात का नाही?" उज्ज्वलाताईंनी विचारलं. रविवार होता. वाईच्या त्यांच्या घरी लेक सानिका आणि जावई तन्मय जेवायला आले होते. जेवून दोघं आतल्या खोलीत लवंडले होते.

"प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय कसं लिहू?"

"मग बघा की करून. 'वावटळ' दारात उभी आहे."

तन्मय त्याच कंपनीत होता, दुरुस्ती विभागाचा प्रमुख. गाडी कंपनीनं दिलेली. जेवताना खटावकरांनी तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा त्यांनी "तन्मय, ते गिअरबॉक्सचं…" एवढं म्हटलं आणि आमटी पुढे केली. दुसऱ्यांदा सानिका म्हणाली, "बाबा, सुट्टीच्या दिवशी गिअरबॉक्स नको हं." तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं "तुझी गाडी जरा…" म्हटलं, तर तन्मय मोकळेपणानं म्हणाला, "घ्या की बाबा. चक्कर मारून या. किल्ली खुंटीला आहे."

"त्यानं गाडी घ्या म्हटलंय," उज्ज्वलाताई आता म्हणाल्या.

"चक्कर मारायला."

"तेल बदलून गाडी चालते की नाही ते चक्कर मारूनच कळणार ना? उठा."

खटावकरांनी माळ्यावरून पितळी नळी काढली. ती त्यांनी कधीच बनवून ठेवली होती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शालीबरोबर त्याच तेलाचा सीलबंद डबाही दिला होता, तो काढला. गाडीचं झाकण उघडलं, सुईचं बूच फिरवलं, आणि पहिली नळी वर आली तेव्हा तिच्याभोवती काळंभोर, जाड तेल होतं. काकवीत बुडवलेल्या उसासारखं ते दिसत होतं. त्यांनी कांडी उपसली. तेल डब्यात सुटलं.

"जमतंय की," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नवल नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी या माणसाची शंका आणि त्याचं काम दोन्ही पाहिलं होतं, आणि काम चुकल्याचं त्यांना फारसं आठवत नव्हतं.

दुपारभर ते शेंदत राहिले. जुनं तेल काट्यावर ठेवलं. तेवढंच नवं मोजून स्टीलच्या कळशीत काढलं. ओतताना खटावकर नरसाळं धरून होते. कळशी संपत आली तेव्हा फाटकाशी कोणी पत्ता विचारायला आलं. नरसाळं बायकोच्या हाती देऊन ते गेले, पत्ता चुकीचा सांगितला, पुन्हा बोलावून बरोबर सांगितला. परत आले तेव्हा बूच लागलेलं होतं.

"झालं?"

"झालं."

त्यांनी कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. तन्मयला सांगायचं त्यांच्या ओठांवर होतं, पण चहा झाला, सानिकाला पाचगणीला टेबललँडवरून सूर्यास्त बघायचा होता, आणि दोघं निघून गेली.

*

"कशी नीट गेली," कपबश्या आवरताना उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आणि वरून थोडं जास्तच घातलं मी. म्हटलं, लेकीची गाडी आहे."

खटावकरांच्या हातातलं पुस्तक मिटलं. "काय घातलं?"

"तेल हो. डब्यात उरलं होतं, त्यातली एक धार."

उज्ज्वलाताईंच्या वडिलांचा कऱ्हाडला शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा होता. तिथे गिऱ्हाईकाला माप भरून दिलं की वर एक धार सोडायचीच, अशी रीत होती. नुसतं मापाएवढं देणारा माणूस चिक्कू, असं त्या घरात समजत. उज्ज्वलाताई आजही डाळ वाटीभर काढल्यावर चिमूटभर वर टाकत, पाहुण्याला भात वाढला की आणखी एक चमचा. कळशी रिकामी करून त्यांचा हात नुसता कसा थांबेल?

"किती?"

"धार म्हणजे धार. मोजतात का तिला?"

खटावकर उभे राहिले. पसरणीचा घाट. चढ. तेल जास्त, फेस, उष्णता. त्यांनी फोन उचलला आणि खाली ठेवला. कदाचित काही होणार नाही. धार लहान असेल. फोन केला तर सगळं सांगावं लागणार: झोपलेल्या जावयाच्या गाडीचं पोट उघडलं, त्याच्या कंपनीचा करार मोडला, आणि त्याला न सांगता त्या गाडीत त्याला आणि लेकीला बसवलं. त्यांनी पुन्हा फोन उचलला.

सानिकानं घेतला. "काय बाबा?"

"गाडी थांबवा. आत्ता, जिथे असाल तिथे. कडेला." आवाज त्यांना स्वतःला परका वाटला. तो मोठा होता.

"झालं काय?"

"मी तेल बदललं. दुपारी. थोडं जास्त पडलंय."

पलीकडून तन्मयचा आवाज, दुरून: "कसलं तेल?" आणि लगेच, "अगं, ही बघ, उष्णता चढतेय."

*

घाटाच्या तिसऱ्या वळणावर, कठड्याशी गाडी उभी होती. उज्ज्वलाताईंनी स्कूटर लावली. मागच्या आसनावरून खटावकर उतरले. नळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. तन्मय खिशात हात घालून दरीकडे बघत होता. तो रागावला की अधिकच नम्र होई.

"बाबा, तुम्ही बसा. मी चाकणहून गाडी उचलायला माणसं बोलावतो."

"त्याची गरज नाही. निवू दे फक्त."

"गाडीखाली जाणार आहात तुम्ही? इथे?"

"वरूनच."

सानिकानं थर्मासमधला चहा कपांत ओतला. चौघं कठड्यावर बसून तो प्यायले. खाली धोमचं पाणी मावळतीला तांबूस झालं होतं. एक टेम्पोवाला हळू होऊन म्हणाला, "पाहुणं, धक्का द्यायचा का?" उज्ज्वलाताईंनी त्याला नको म्हणून हात केला.

तेल हाताला सोसेल इतकं कोमट झालं तेव्हा खटावकरांनी बूच काढलं. तेल पूर्ण उपसायचं नव्हतं, फक्त जास्तीचं. त्यांनी नळीवर योग्य पातळीची खूण केलेली होती, पण ती आजवर कधी वापरली नव्हती. खूण बुचाच्या कडेशी जुळवून त्यांनी नळी धरली. म्हणजे तिचं टोक बरोबर पातळीवर. वर असेल तेवढंच तेल टोकाला बिलगणार.

पहिल्यांदा नळी भरून आली, फेसाळ तेल. दुसऱ्यांदा कमी. मग नुसता थर. मग नळी जवळजवळ कोरडी आली. त्यांनी पुन्हा सोडली. कोरडी.

ते नळीकडे बघत उभे राहिले.

"काय झालं?" तन्मय जवळ आला होता. खटावकरांचे हात काळे झाले होते; त्याच्या पांढऱ्या शर्टाला मात्र एक डागही नव्हता, आणि हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

"मोजायची गरजच नाही," खटावकर हळू म्हणाले. "वजन नको, काटा नको. जास्तच ओतायचं. मुद्दाम. मग गाडी थोडी चालवून कोमट करायची आणि नळी कोरडी येईपर्यंत जास्तीचं काढून घ्यायचं. मी इतकी वर्षं नेमकं ओतायच्या मागे होतो."

"म्हणजे माझी धार बरोबर होती," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"चूक होती."

"पण कामाची."

"हो. कामाची होती."

तन्मयनं नळी हातात घेतली, आतली कांडी उपसून पाहिली, पुन्हा घातली. "हे तुम्ही कंपनीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुझ्या आधीच्या लोकांना."

"कोणी ऐकलं नाही?"

"चहा आला होता तेव्हा."

सानिका हसली. तन्मय हसला नाही, पण नळी त्यानं हातातच ठेवली. "हे कोणासाठी करत होतात?"

खटावकरांनी पत्राचं सांगितलं. बांदा, रोपवाटिका, हातांचे दांडे. नाव सांगायच्या आधीच तन्मय म्हणाला, "साटम. त्यांना नकार मीच कळवलाय. दोनदा. बदल केलेली गाडी मूळ रूपात आणल्याशिवाय परत देता येत नाही, नियम आहे."

"नियम कोणी केला?" सानिकानं विचारलं.

"मी नाही केला. मी फक्त वाचून दाखवतो."

"मग वाचताना त्या बाई दिसल्या नाहीत तुला?"

तन्मयनं नळी कठड्यावर ठेवली. "दिसल्या असत्या, तर तिसरं पत्र मला आलं असतं. ते बाबांना आलं." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "त्यांची गाडी गेल्या पंधरवड्यात कितीवर आली असेल, ठाऊक आहे? वर्ष झालं म्हणता ना. माणूस सायकलवर तिच्या पुढे जाईल. दिवाळीच्या आत ती पार बंद पडेल."

खटावकरांनी मान हलवली. हा हिशेब ते पत्र एका पुस्तकातून दुसऱ्यात ठेवताना प्रत्येक वेळी करत आले होते.

"तुम्ही लिहिलंत," तन्मय म्हणाला, "तर मी अडवणार नाही. पण वरचं बूच उघडल्याचं माझ्या गाडीनं कंपनीला आधीच कळवलंय. उद्या मला विचारतील. मी खोटं सांगणार नाही."

"नको सांगूस."

"कंपनीच्या ग्रंथालयातून महिन्याला येणारं पुडकं बंद होईल तुमचं. नियतकालिकांचं."

हे मात्र खटावकरांना लागलं. निवृत्त माणसाला कंपनीनं दिलेली ती एकच सवलत होती, आणि महिन्याच्या सुरुवातीला ते फाटकाशी उभे असत. त्यांनी नळी वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळायला घेतली. कागद नीट बसेना.

"चुकलं तर?" ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हतं.

"चूक आत्ता झालीच की," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "चहा पिऊन होईस्तो निस्तरली."

*

सोमवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी पत्र लिहायला घेतलं. तेल कुठलं, हे आधी: उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये धक्के शोषायला तेच वापरतात आणि ते बाजारात खुलं मिळतं. मग नळीचं चित्र. मग खुणेपासून टोकापर्यंतचं अंतर, ठळक. मग कृती. दुपारपर्यंत तिसरा खर्डा झाला आणि तो त्यांनी बायकोला वाचायला दिला.

"यात 'कदाचित' सात वेळा आहे," त्या म्हणाल्या.

"काढू?"

"काढा."

"सगळे?"

"एक ठेवा. नाहीतर पत्र तुमचं वाटायचं नाही."

त्यांनी सहा काढले. 'नेमकं मोजायला जाऊ नका. भरपूर ओता, मग नळी कोरडी येईपर्यंत काढा,' हे वाक्य वरती, पहिल्या परिच्छेदात घेतलं. शेवटी उशिराबद्दल एक ओळ लिहिली, खोडली, आणि पुन्हा तीच लिहिली.

त्याच वेळी तन्मयचा निरोप आला. त्याला विचारलं होतं, त्यानं सांगितलं होतं. पुडकं बंद. खाली आणखी एक ओळ होती: 'साटम बाईंचा पत्ता बदलला आहे. जुन्या पत्त्यावर पाठवू नका.' आणि नवा पत्ता.

खटावकरांनी तो पाकिटावर लिहिला.

नदीकाठच्या गणपती घाटाच्या बाजूच्या पोस्टात खिडकीवर एकच मुलगी होती. तिनं नळीचं पुडकं आणि पाकीट दोन्ही काट्यावर ठेवली.

"काका, नळी कशाची आहे?"

"पितळेची. आत चुंबक आहे. ते पोलादी पत्र्यात गुंडाळलंय, बाहेर ओढणार नाही."

"आणि पाकीट एवढं जड? पानं किती आहेत?"

"बरीच आहेत. चित्रं आहेत."

तिनं आकडा सांगितला आणि तिकिटं फाडून पुढे केली. खटावकरांनी ती एकेक करून कोपऱ्याला सरळ लावली. मग जाळीतून वाकून म्हणाले, "आणखी एक द्या."

"नको काका, बरोबर झालंय. एवढ्यात जाईल."

"असू दे. वरती एक."

तिनं खांदे उडवले आणि दिलं. त्यांनी ते बाकीच्यांच्या शेजारी, थोडं तिरपं लावलं. मुलीनं त्या सगळ्यांवर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

खटावकर खिडकीशी क्षणभर उभे राहिले. मग मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाले.